वजा केलेले आवाज

"आता नीट ऐका हं, बांगड्या कुठे जातात ते," असं म्हणून डिंपलने लॅपटॉपवरचं बटण दाबलं.

टीव्हीच्या दोन्ही बाजूंना ठेवलेल्या नव्या स्पीकरांतून बायकांचं गाणं हॉलभर पसरलं. गेल्या श्रावणात चोपड्याजवळच्या आजोळी कानबाई देवीच्या जागरणाला डिंपलने ते कॉलेजच्या रेकॉर्डरवर टिपलं होतं. ती शिरपूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती आणि प्रकल्पासाठी तिने विषय घेतला होता : फाइल दाबून लहान केली की घरच्या स्पीकरवर गाण्याचं काय होतं. स्पीकर ललितने, तिच्या वडिलांनी, घेतले होते. पण घरात आल्याबरोबर डिंपलने ते भिंतीपासून पुढे ओढले, समोर तीन खुर्च्या मांडल्या आणि आई, वडील, आजी यांना परीक्षेला बसवावं तसं बसवलं.

आधी मूळ फाइल झाली. मग दाबलेली. दोन्हींत गाणं तेच, टाळ तेच, मामीचा चढा आवाजही तोच. ललित म्हणाला की दुसऱ्या वेळी टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे वाटले. डिंपल खूश झाली. फाइल लहान करायची तर काहीतरी टाकावं लागतं, ती सांगू लागली. मोठ्या आवाजाच्या आडोशाला जो बारीक आवाज असतो तो कानाला तसाही कळत नाही, म्हणून आधी तो टाकतात. थोडं टाकलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. फार टाकलं की सगळ्यात आधी वरचे, बारीक सूर जातात. साधा मोबाइल किंवा डबा स्पीकर ते लपवून नेतो. चांगला स्पीकर मात्र चुगली करतो.

"माले तं दोन्ही सारखंच लागस," आजी, म्हणजे ललितची आई सुनंदाबाई म्हणाल्या.

"आजी, तुझं वय झालं. आई, तुला?"

सारिका म्हणाली, "थोडा फरक आहे."

"थोडा म्हने," सुनंदाबाई हसल्या. "तुले बी काही समजनं नही, मन्हामायक. आते आपला दोन्हीस्ना कान एकच वयना शेतस."

सगळे हसले. सारिकाही हसली.

डिंपलकडे अजून तिसरी फाइल होती. ही तिने स्वतः तयार केली होती. मूळ रेकॉर्डिंगमधून दाबलेलं वजा करायचं. जे उरेल ते म्हणजे टाकून दिलेलं सगळं. तिने आवाज वाढवला आणि बटण दाबलं.

ललित पुढे झुकला. त्याच्या हातातला अडकित्ता सुपारीवर तसाच थांबला. डिंपल मान कलती करून ओठ किंचित उघडे ठेवून ऐकत होती. सारिका दोघांचे चेहरे बघत होती. तिला दूरच्या खोलीत कोणी पातेलं सरकवावं तसं काहीतरी अधूनमधून ऐकू येत होतं. बाकी हॉल शांत होता. पंख्याची घरघर होती.

बंद पडलं का, असं ती विचारणारच होती. तेवढ्यात सुनंदाबाईंनीच विचारलं, "बंद पडनं का?"

"चालू आहे, आजी. बांगड्या वाजताहेत सगळ्या बायकांच्या. मामी ओळ सुरू करायच्या आधी श्वास घेते, तोसुद्धा येतोय." डिंपल आईकडे वळली. "येतोय ना?"

"हो," सारिका म्हणाली. "बांगड्या."

धुळ्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात सारिका लोकांचे कान तपासत असे. साक्रीच्या डोंगराकडची म्हातारी माणसं, जिनिंगमध्ये उभं आयुष्य गेलेले कामगार, बँडवाले, शाळेने पाठवलेली मुलं अशी सगळी माणसं तिच्या काचेच्या बूथमध्ये बसून गेली होती. वरचे सूर हरवलेल्या कानाची उजवीकडे उतरत जाणारी रेघ तिने इतक्या कागदांवर काढली होती की रुग्ण दारातून आत येताना कोणत्या बाजूला मान वळवतो यावरून तिला ती आधीच दिसायची. म्हणूनच त्या संध्याकाळी पोळ्या लाटताना ती स्वतःशी शांतपणे हिशेब मांडत राहिली. पन्नाशीच्या आसपास दहा हजार हर्ट्झच्या वरचे सूर बहुतेकांचे जातात. तो आजार नव्हे. डिंपलच्या फाइलमधून तेवढेच गेले असतील. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पण तिने सहज विचारल्यासारखं डिंपलला विचारलं, आणि डिंपलने उत्साहाने पडद्यावर चित्रच दाखवलं. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळे ठिपके. या बांगड्या, ती म्हणाली, इथे पाच हजारांपासून वर नऊ हजारांपर्यंत.

सारिकाचं कान तपासायचं मशीन आठ हजारांवर संपत होतं. म्हणजे हे ठिपके बहुतेक तिच्याच हद्दीतले होते.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात पोचल्यावर तिने रोजच्यासारखी मशीनची तपासणी सुरू केली. ही तपासणी कोणत्याही उपकरणाने होत नाही. रुग्ण यायच्या आधी तपासणाऱ्याने स्वतः हेडफोन लावायचा आणि प्रत्येक सूर हलक्या आवाजात ऐकायचा, खरखर आहे का, कुठे तुटतो का, दोन्ही बाजूंना सारखा येतो का. वर्षातून एकदा नाशिकहून माणूस येऊन मोजमाप करून जातो. मधले सगळे दिवस मशीन बरोबर आहे की नाही हे एका माणसाचा कान ठरवतो. इथे तो कान सारिकाचा होता.

हजार, दोन हजार, चार हजार. स्वच्छ. सहा हजारांना तिने आवाज कमीजास्त करायची चकती थोडी वर नेली. आठ हजारांना आणखी वर.

ही चकती आपण कधीपासून वर नेतोय, असा प्रश्न तिला त्या सकाळी पहिल्यांदा पडला. पूर्वी ती इतकी वर जात नसे. मग हेडफोनची गादी झिजली म्हणून ती बदलून झाली. वायर बदलून झाली. पावसाळ्यात नाशिकचा माणूस आला तेव्हा तिने त्याला सांगितलं होतं की वरचे सूर मंद येतात. त्याने दोनदा मोजलं आणि म्हणाला, "मॅडम, काहीच दोष नाही." तेव्हा तिला त्याचा राग आला होता. घाईत मोजतात ही माणसं, असं ती कामिनीला म्हणालीही होती.

कामिनी जूनपासून तिच्या हाताखाली आली होती. या विषयाची पदवी घेतलेली, कमी बोलणारी मुलगी. सारिकाने तिला दारातून येणारा रुग्ण कसा ओळखायचा, घाबरलेल्या म्हातारीला बूथमध्ये कसं बसवायचं हे शिकवलं होतं. कामिनी सगळं ऐकून घ्यायची आणि मानेने हो म्हणायची.

त्या दिवशी पहिली आली जमीला, तिच्या सादियाला घेऊन. सादिया पहिलीत होती. बाई हाक मारतात तेव्हा लक्ष देत नाही अशी शाळेची तक्रार होती, आणि जमीलाला वाटत होतं की मुलगी हट्टी आहे. आज शब्दांची तपासणी होती. सारिका बाहेरून माइकवर शब्द म्हणणार, आत सादियाने तो परत म्हणायचा, आणि तिचं उत्तर छोट्या स्पीकरमधून सारिकाला ऐकू येणार. बरोबर की चूक, ते सारिकाने ठरवायचं.

पहिले काही शब्द ठीक गेले. मग एका शब्दाला सारिका थांबली. मुलीने शब्दाची सुरुवात म्हटली की गाळली, ते तिला कळलं नाही. तिने परत म्हणायला सांगितलं. सादियाने म्हटलं. सारिकाने पुन्हा सांगितलं. पुढच्या शब्दालाही तेच. काचेमागे मुलीचे ओठ हलताना दिसत होते, स्पीकरमधून शब्दाचं शेपूट तेवढं येत होतं.

"बोली तो सही," सादिया शेवटी वैतागून म्हणाली. "आंटी, आपको सुनाई नहीं देता क्या?"

जमीलाने दारातूनच मुलीला दटावलं आणि सारिकाची माफी मागितली. सारिका म्हणाली की असू द्या, मूल थकलं आहे, आज राहू दे, उद्या सकाळी पहिला नंबर लावते. बोलताना तिने पेन टेबलावर ठेवलं. त्या शब्दांपुढे बरोबरची खूण करावी की चुकीची, हे तिला माहीत नव्हतं. आणि त्या खुणांवरून मुलीला कानाचं यंत्र लागणार की नाही, लागलं तर त्यात कोणते सूर किती वाढवायचे, ते ठरणार होतं. मशीन मंद असेल तर मुलीचा निकाल चुकेल. मशीन बरोबर असेल आणि कान मंद असेल तरी चुकेलच. दोन्हींपैकी काय खरं आहे हे सांगणारा कान एकच होता.

दुपारच्या सुट्टीत कामिनी डबा खायला गेल्यावर सारिकाने ताईबाईंना बोलावलं. ताईबाई या विभागात झाडलोट करायच्या, रुग्णांना रांगेत बसवायच्या आणि इतकी वर्षं सारिकाच्या मागे उभं राहून त्यांनी ही तपासणी पाहिली होती. कामिनीला सांगितलं असतं तर तिला अर्थ कळला असता. ताईबाईंना कळणार नाही, असं सारिकाने धरलं होतं. मशीनमध्ये बिघाड वाटतोय, मी आत बसते, तुम्ही सूर सोडा, असं तिने सांगितलं. मी बटण दाबलं की हा दिवा लागेल. लागला की चकती खाली, नाही लागला की थोडी वर. जिथे अडेल तिथे खडूने खूण.

"मन्हा हाते बिघडनं तं?" ताईबाईंनी विचारलं.

"नाही बिघडत."

सारिकाने आत जाऊन दार ओढलं. या खुर्चीवर ती कधी पाहुण्यासारखीसुद्धा बसली नव्हती. जाड भिंतींमुळे आपला श्वास आपल्याच डोक्यात वाजतो, असं रुग्ण सांगायचे. खरंच वाजत होता. तिने बूथच्या दाराकडे पाठ केली, हेडफोन लावला, अंगठा बटणावर ठेवला आणि डोळे मिटले.

सूर आला. दाबलं. खालचा आला. दाबलं. पुढचा सूर, बारीक, सुईसारखा. दाबलं. आणखी बारीक. तरी येत होता. कुठून तरी लांबून, पण येत होता. सारिकाचे खांदे हळूहळू सैल झाले. शेवटच्या सुरापर्यंत ती दाबत राहिली आणि डोळे उघडले तेव्हा ओठांवर घाम होता, पण ती हसत होती. डिंपलच्या त्या वजाबाकीच्या फाइलमध्येच काहीतरी गडबड असणार. किंवा स्पीकरमध्ये. ललित वस्तू घेताना कधी नीट बघत नाही.

बाहेर खडूच्या खुणा चकतीच्या अगदी खालच्या टोकाला होत्या, एखाद्या कॉलेजच्या मुलीच्या असाव्यात तशा. सारिकाने ताईबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. चांगलं केलंत, म्हणाली.

ताईबाई खडू हातात घोळवत उभ्या होत्या.

"मॅडम, एक ईचारू का?"

"विचारा की."

"एक पेशंट उना खिडकीवर. मी उठनू, त्याले वाट दखाडी. मशीनले मन्हा हात बी नव्हता." त्यांनी दिव्याकडे बोट केलं. "तरी हाऊ दिवा लागे, बंद व्हये. लागे, बंद व्हये."

सारिकाने त्यांच्या खांद्यावरचा हात काढला. "नक्की?"

"मी काय खोटं बोलसू का? मन्हं ध्यान दिवावर व्हतं. मी म्हनं, मॅडमले मझार कशाना आवाज येस?"

ताईबाई मशीनवरची खूण पुसू का म्हणून विचारत होत्या. सारिकाला ते ऐकू येत होतं. ताईबाईंचा आवाज ठसठशीत होता, खालच्या सुरातला, तो तिला नेहमीच ऐकू येत आला होता. ती खुर्चीवर बसली आणि आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली.

काय झालं ते तिला पायरीपायरीने कळत गेलं. सूर सोडायचा, थोडं थांबायचं, पुन्हा सोडायचा. ही चाल तिच्या हाताची होती. सगळ्या वर्षांत हजारो माणसांना तिने त्याच चालीत सूर दिले होते, आणि ताईबाईही तिच्याकडूनच ती चाल शिकल्या होत्या. आत बसल्यावर अंगठ्याने ती चाल धरली. सूर यायला हवा त्या जागी अंगठा खाली गेला, आणि अंगठा गेला म्हणून कानाला सूर आला. तिने फसवलं नव्हतं. रुग्ण फसवतात तेव्हा तिला लगेच कळतं. त्यांचा चेहरा चोरटा होतो. तिला खरोखर ऐकू आलं होतं. सुईसारखं, लांबून.

ऐकू येत नाही याची भीती तिने रोज दुसऱ्यांच्या तोंडावर पाहिली होती आणि त्यांना धीरही दिला होता. ही भीती तिच्या ओळखीची नव्हती. रोज सकाळी मशीन तपासताना आपण खरंच ऐकत होतो, की नुसती चाल धरून पुढे जात होतो? गेल्या दिवाळीत? त्याच्या आधी? ज्यांना आपण तुमचे कान ठणठणीत आहेत म्हणून परत पाठवलं, ती माणसं आता कुठे आहेत?

संध्याकाळी घरात तेच गाणं पुन्हा लागलेलं होतं. सुनंदाबाई समोर बसून गाण्यातल्या बायकांपैकी कोणाचा आवाज कोणाचा, यावर डिंपलशी वाद घालत होत्या. सारिका चहाचा कप घेऊन स्पीकरच्या अगदी जवळ बसली. जाळीवर तळहात ठेवला. ढोलकीचा ठोका हाताला लागत होता. बायकांचे आवाज येत होते, तिच्या स्वतःच्या आईचासुद्धा. आईचा आवाज तिला डोळे झाकून कळला असता. पण आता तिला खात्री वाटेना की तो ती ऐकते आहे की आठवते आहे.

आजी आत गेल्यावर तिने विचारलं, "फक्त दाबलेलीच फाइल हातात असेल, तर टाकलेलं परत आणता येतं का गं?"

डिंपलने मान हलवली. "नाही. कॉम्प्युटर अंदाजाने काहीतरी भरतो, आणि ते खरंसुद्धा वाटतं. पण ते मूळचं नसतं. त्याने बनवलेलं असतं."

"ऐकणाऱ्याला कळतं का?"

"बहुतेकांना नाही." मग डिंपलने लॅपटॉप बाजूला ठेवला. "आई, काल तुला बांगड्या आल्या होत्या ना?"

सारिकाने कप तोंडाला लावला. डिंपल वाट बघत होती. कुकरची शिटी झाली, आणि सारिका उठून आत गेली.

सकाळी ती रुग्णालयात लवकर पोचली तरी जमीला तिच्या आधी येऊन बाकावर बसली होती. सादियाने वेणीला लाल रिबीन बांधली होती. सारिकाने मशीन चालू केलं नाही. ती सरळ विभागप्रमुख डॉक्टर जितेंद्रांच्या खोलीत गेली.

आजपासून मशीनची सकाळची तपासणी कामिनी करेल, एवढंच तिने आधी सांगितलं. डॉक्टरांनी कागदावरून डोळे न काढता का म्हणून विचारलं. त्या मधल्या क्षणात तिला बरीच कारणं सुचली. मुलीला शिकायला मिळेल. माझं लिखापढीचं काम वाढलंय. मान दुखते.

"माझ्या कानाचा भरवसा राहिला नाही, सर."

डॉक्टरांनी वर पाहिलं. थकवा असेल, मळ असेल, सर्दीने कान दडले असतील, एकदा बघून घेऊ, असं ते भराभर म्हणाले. तीसुद्धा रुग्णांना हेच म्हणत आली होती, म्हणून तिने ते मधे न थांबवता ऐकून घेतलं. मग म्हणाली की आधी सादियाची तपासणी कामिनीला करू द्या. त्यानंतर माझी.

कामिनीने सादियाला बसवलं आणि शब्द सुरू केले. सारिका तिच्या मागे, ताईबाई नेहमी उभ्या राहायच्या त्या जागी उभी राहिली. मुलीचे ओठ हलत होते. कामिनी प्रत्येक शब्दाला खूण करत पुढे जात होती. ती एकदाही थांबली नाही. एकदाही परत म्हणायला सांगितलं नाही. मुलगी स्पष्ट बोलत होती आणि स्पीकरही ठीक होता.

सादिया बाहेर आली तशी सारिका आत जायला निघाली.

"मॅडम..." कामिनी हेडफोन हातात धरून दारात उभी होती. तिला पुढचं म्हणवत नव्हतं. तिने स्वतःच्या कानाच्या पाळीला नकळत हात लावला.

सारिकाला कळलं. हेडफोन नीट बसण्यासाठी कानातलं काढावं लागतं. नव्या रुग्णाला पहिलं वाक्य तेच सांगायचं असतं. तिने दोन्ही हात वर केले. उजव्या कानातल्या मोत्याच्या कुडीची फिरकी घट्ट बसली होती, निघेना. ताईबाई पुढे आल्या, त्यांनी ओल्या बोटांनी ती सैल केली आणि दोन्ही कुड्या पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या. कान एकदम हलके झाले, थंड लागले.

"आज मॅडम मझार कशा बठन्यात?" बाहेर कोणीतरी विचारलं.

"मॅडमना नंबर शे," ताईबाई म्हणाल्या. "तू बठ गुपचूप."

दार बंद झालं. हजाराचा सूर आला, गोल, स्वच्छ. सारिकाने दाबलं. दोन हजार. दाबलं. चार हजारांना तो बारीक झाला आणि बारीक होत होत संपला, तेव्हा ती थांबली. तिने बटण उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. डाव्या हाताला कसलीच सवय नव्हती.

मग काही आलं नाही.

अंगठा मध्येच हलू पाही. आता, असं त्याला वाटे. आता इथे सूर असणार. तिने तो बटणावरून उचलून बाजूला टेकवला. छातीतले ठोके हेडफोनच्या आत मोठे झाले होते, आणि त्यांच्याआड काही असेलही, नसेलही. काचेपलीकडे कामिनीने चकती फिरवली आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती. चकती पुन्हा फिरली.

सारिकाने दाबलं नाही.